आधी अक्षर, मग बेडूक

छत्रीत राहणाऱ्या एका बेडकाचं चार चौकटींचं कॉमिक ७ ऑक्टोबर २०२३ पासून दर शनिवारी बेळगावातून ऑनलाइन येतंय. २८ सप्टेंबर २०२४ ला बावन्नावा भाग गेला आणि ३१ मे २०२५ ला निवडक भागांची पुस्तिका छापून हातात पडली. या दोन वर्षांत काय शिकावं लागलं, कुठे अडलं, किती पैसे गेले, ते क्रमाने लिहून ठेवतोय. डिजिटल कॉमिकची माहिती शोधायला गेलं की जे मिळतं ते सगळं इंग्रजी अक्षरं धरून सांगितलेलं असतं. आपल्या वेलांट्या, रफार, जोडाक्षरं संवादाच्या फुग्यात कशी बसवायची हे कुठे सापडत नाही, आणि मराठी कॉमिक अडतं ते नेमकं तिथेच.

जून २०२३. पहिला खर्च टॅबलेटचा, म्हणजे लॅपटॉपला जोडून पेनने चित्र काढायच्या पाटीचा. स्क्रीन असलेला घ्यायचा तर वीस हजारांच्या पुढे गोष्ट जात होती, म्हणून वॅकॉमचा स्क्रीन नसलेला छोटा टॅबलेट घेतला, सीटीएल-४७२. ३,४०० रुपये पडले, यायला आठ दिवस लागले. चित्र काढायची जागा १५२ × ९५ मिलिमीटर, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी. पेनला बॅटरी लागत नाही, चार्जिंगची कटकट नाही. लॅपटॉप घरचाच, ८ जीबी रॅमचा. चित्राला क्रिता, अक्षरांना इंकस्केप, छपाईच्या पानांना स्क्रायबस, अशी तीन सॉफ्टवेअरं. तिन्ही फुकट आणि मुक्त परवान्याची, त्यामुळे पुढे पुस्तिका विकली तरी कुणाला काही द्यावं लागत नाही.

पहिल्या दिवशी वर्तुळ काढलं तर स्क्रीनवर अंडं आलं. चूक हाताची नव्हती. टॅबलेटची लांबी-रुंदी १६ : १० च्या प्रमाणात आणि लॅपटॉपचा स्क्रीन १६ : ९ चा, म्हणून आडवी आणि उभी हालचाल सारखी मोजली जात नव्हती. ड्रायव्हरच्या, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स' म्हणून एक खूण असते. ती केली की टॅबलेटची साडेनऊ मिलिमीटरची एक पट्टी वाया जाते, पण वर्तुळ वर्तुळच येतं. ही खूण केल्याशिवाय सराव सुरू करू नका, नाहीतर हाताला चुकीच्या मापाची सवय लागते आणि ती मोडताना दुप्पट वेळ जातो.

दुसरी अडचण, पेन टेकवून थांबलं की विंडोज तिथे एक गोल कडं दाखवतं आणि रेघ उशिरा सुरू होते. कंट्रोल पॅनेलमधल्या 'पेन अँड टच' मध्ये दाबून धरण्याची सोय बंद केली की कडं जातं. तिसरी, पेन कितीही दाबलं तरी रेघ एकाच जाडीची येत होती. क्रिताच्या टॅबलेट सेटिंगमध्ये 'विनटॅब' आणि 'विंडोज इंक' असे दोन पर्याय असतात. एक चालत नसेल तर दुसरा निवडायचा आणि क्रिता बंद करून पुन्हा उघडायचं. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट लावलेला असेल तर त्याचा ड्रायव्हर काढून टाकावा, दोन ड्रायव्हर एकत्र नीट नांदत नाहीत.

बेळगाव हे चित्रकारांचं गाव. रवी परांजपे १९३५ साली इथेच जन्मले आणि के. बी. कुलकर्णींकडे शिकले. पेन्सिल आणि जलरंग शिकायचे तर आजही गावात कुणी ना कुणी भेटतं. टॅबलेटवरचं काम शिकवणारं मात्र मला कुणी भेटलं नाही, ते घरीच करावं लागलं. हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, याची सवय व्हायला रोज अर्धा तास धरून तीन आठवडे लागले. सराव एकच होता. वीस ठिपके मांडायचे आणि दोन-दोन ठिपके एका झटक्यात जोडायचे, चुकलं तर पुसायचं नाही, पुढचे दोन घ्यायचे. पहिल्या आठवड्यात रेघ ठिपक्याच्या आसपासही जात नव्हती आणि ३,४०० रुपये पाण्यात गेले असं रोज वाटायचं. दहाव्या-अकराव्या दिवशी अचानक जमायला लागतं, तोवर धीर धरायचा.

रेघ थरथरत असेल तर क्रिताच्या ब्रशला स्थिर करायची सोय आहे. 'वेटेड' पुरेशी होते. 'स्टॅबिलायझर' जास्त ठेवला की रेघ गुळगुळीत येते, पण हाताच्या मागून ओढल्यासारखी येते आणि चित्रातला जीव जातो. बेडकाच्या पाठीला थोडी खडबडीत रेघच शोभते.

जुलै २०२३ मध्ये पात्रं बसवली. बेडूक गमतीचा असला तरी त्याची हाडं खरी हवीत, हे लवकर पटलं. बेडकाच्या पुढच्या पायाला चार बोटं असतात, मागच्याला पाच. घास गिळताना तो डोळे आत ओढून घेतो, डोळ्यांच्या दाबाने घास घशाखाली जातो. ही एक गोष्ट कळल्यावर त्याला भजी खाताना काढायची रीतच बदलली: पहिल्या चौकटीत भजी तोंडात, दुसऱ्या चौकटीत डोळे गायब आणि कपाळ सपाट. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात ओरडणारा मोठा बेडूक विणीच्या दिवसांत पिवळाजर्द होतो आणि नराचे गालफुगे, म्हणजे ओरडताना फुगणाऱ्या पिशव्या, निळे दिसतात. म्हणून कॉमिकमधला बेडूक वर्षभर शेवाळी हिरवा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पिवळा, निळ्या गालफुग्यांचा. हे निळे गालफुगे पुढे छपाईत चांगलेच नडले.

छत्री काळ्या कापडाची, लाकडी मुठीची. तिला आठ काड्या. उघडी छत्री तिरकी काढायची असली की आधी एक लंबवर्तुळ काढून त्याच्या कडेवर आठ खुणा करायच्या. लांबच्या खुणा एकमेकींच्या जवळ येतात, जवळच्या लांब पडतात. सगळ्या सारख्या अंतरावर ठेवल्या तर छत्री पापडासारखी चपटी दिसते. पात्रांचा एक तक्ता करून ठेवला: बेडूक समोरून, बाजूने, मागून, छत्री मिटलेली, उघडी, वाऱ्याने उलटलेली. शेजारी रंगांचे चौकोन. या तक्त्याला नऊ दिवस गेले. पुढच्या बावन्न आठवड्यांत तो रोज उघडला.

ऑगस्टमध्ये पहिला पूर्ण भाग केला आणि तो फुकट गेला. सहा चौकटी काढल्या, रंगवल्या, सजवल्या, आणि शेवटी फुगे टाकायला गेल्यावर जागाच उरली नव्हती. अक्षर लहान केलं तर मोबाइलवर वाचता येईना, मोठं ठेवलं तर बेडकाचं डोकं झाकलं जाई. बावीस तास गेले होते. तेव्हापासून क्रम उलटा केला: आधी संवाद, मग अक्षर, मग फुगा, आणि उरलेल्या जागेत चित्र.

आणि माप मोबाइलपासून मोजत मागे आलो. वाचणारा माणूस बसमध्ये, रांगेत, हातातल्या फोनवर वाचणार. फोनवर चित्राची रुंदी साधारण ७ सेंटिमीटर. १०८० पिक्सेल रुंद चित्रात ४० पिक्सेलचं अक्षर ठेवलं की ते फोनवर अडीच मिलिमीटरच्या आसपास पडतं. त्याखाली गेलं की वयस्कर माणसं चित्र बोटांनी मोठं करून बघतात आणि दोनदा तसं करावं लागलं की सोडून देतात. मूळ काम मी दुपटीने करतो, २१६० × २७०० पिक्सेल, म्हणजे अक्षर ८० पिक्सेलचं. चारी बाजूंना ६० चा समास, मध्ये ३६ ची फट, वर नावासाठी १५० ची पट्टी. मग दोन-दोन अशा चार चौकटी बसतात, प्रत्येक १००२ रुंद आणि ११९७ उंच. अशा चौकटीत ७०० पिक्सेलच्या फुग्यात एका ओळीला तेरा-चौदा अक्षरं मावतात. तीन ओळी म्हणजे दहा-बारा शब्द. संवाद त्यापेक्षा लांब झाला तर फुगा मोठा करायचा नाही, वाक्य छाटायचं. माझ्या मते कॉमिकचं खरं लेखन इथेच होतं.

फाँट निवडताना दिसायला कसा आहे हे शेवटी बघा. आधी त्यातून हे वाक्य काढून बघा: 'तिऱ्हाईत बेडूक दुसऱ्याच्या छत्रीत घुसला; ॲलार्म वाजला, ट्रंक फुटली, हृदय धडधडलं.' यात अर्धा र दोन तऱ्हेने आहे, ॲ आहे, त्री, ट्र आणि हृ आहे. कितीतरी फाँट 'दुसऱ्या' ला पाय मोडून दाखवतात किंवा ॲ च्या जागी रिकामा चौकोन टाकतात. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा, तेही बघून घ्या. संवादांसाठी 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'बलू' घेतला. ठसठशीत आहे आणि त्याची कन्नड भावंडं 'बलू तम्मा' नावाने मिळतात. बेळगावची गल्ली काढायची म्हणजे दुकानांच्या पाट्या कन्नड आणि मराठी दोन्ही आल्या, त्या एकाच घराण्यातल्या दिसतात. हाताने लिहिल्यासारखं हवं असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' चांगला. हे दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, छापून विकायलाही परवानगी आहे. डीटीपीवाल्यांकडचे जुने फाँट युनिकोड नसतात, त्यातला मजकूर दुसरीकडे नेला की चिन्हांचा पसारा होतो, त्या वाटेला जाऊच नका.

अक्षरं क्रितामध्ये न करता इंकस्केपमध्ये करतो. त्या वेळच्या क्रितात मजकूर वेगळ्या खिडकीत टाइप करावा लागे आणि चित्रावर कसा बसतोय ते लगेच दिसत नसे. इंकस्केपमध्ये जोडाक्षरं नीट जुळतात आणि मजकूर नंतर कधीही बदलता येतो. टायपिंगला विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड सोपा.

दोन ओळींतलं अंतर मराठीला जास्त लागतं. सॉफ्टवेअर आपणहून १.२ च्या आसपास ठेवतं. वरच्या ओळीत 'घुसू' असेल आणि खालच्या ओळीत 'गर्दी', तर वरचा ऊकार खालच्या वेलांटीत आणि रफारात अडकतो. मी १.४५ ठेवतो. फुग्यात मजकूर मध्यभागी आणतानाही सॉफ्टवेअरवर विसंबू नका. त्याचं माप मात्रांची रिकामी जागा धरून असतं, म्हणून ओळी सरकलेल्या दिसतात. पहिल्या ओळीची शिरोरेषा आणि शेवटच्या ओळीचा तळ, एवढंच अंतर धरून डोळ्याने मधोमध आणायचं. ओळी लहान-मोठी-लहान अशा तोडल्या की फुगा आपोआप गोल बसतो. शब्द कधीही मध्येच तोडायचा नाही. आणि जोर द्यायचा असेल तर अक्षर तिरकं करू नका. देवनागरी तिरकी केली की शिरोरेषेवरून घसरल्यासारखी वाटते. शब्द ठळक करा किंवा थोडा मोठा.

बेडूक बोलतो बेळगावी. 'काय करूलास?' असंच बोलतो, 'काय करतोयस?' नाही. अशी वाक्यं लिहिताना एक ठरवून घ्यावं लागलं: उच्चार जसा तसा लिहायचा, आणि एकदा जसं लिहिलं तसंच बावन्न आठवडे लिहायचं. त्यासाठी शब्दांची एक वेगळी फाइल ठेवलीय.

आवाजांचे शब्द मात्र फाँटमधून घेत नाही, हाताने काढतो. 'धप्प' चं उदाहरण देतो, फणस छत्रीवर पडतो त्या भागातलं. आधी पेन्सिलीच्या लेयरवर (लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला जणू पारदर्शक कागद) एक वाकडी शिरोरेषा काढली, मध्ये खाली दबलेली, कारण वजन तिथे पडलंय. मग तिला ध आणि प्प लटकवले. ध चं डोकं शिरोरेषेला चिकटत नाही, तिथली फट मुद्दाम मोठी ठेवली आणि रेषा त्या ठिकाणी तोडली. जोड प चा खालचा दांडा फणसाच्या सावलीत नेऊन बुडवला. शिरोरेषेचे दोन तुकडे छत्रीच्या कापडासारखे वर उचलले. शिरोरेषा वाकवता येते, तोडता येते, ओली करून टपटप गाळता येते. ही सोय रोमन लिपीत कुठून मिळणार! 'फुर्र' ला ती हवेत उडते, 'चुर्र' ला तव्यावर ताणते.

सप्टेंबरमध्ये, १९ तारखेच्या गणेश चतुर्थीच्या मागेपुढे, एका भागाच्या कामाची घडी बसली. निळ्या रंगाचा कच्च्या रेखाटनाचा लेयर, ३० टक्केच गडद ठेवलेला. त्यावर काळ्या रेषांचा. त्याखाली सपाट रंगांचा. मध्ये 'मल्टिप्लाय' (खालचा रंग गडद करणारी सोय) लावलेला सावलीचा, एकच जांभळट राखाडी रंग. सगळ्यात वर फुगे. काळी रेघ १० ते १४ पिक्सेलची, मागच्या वस्तूंना ६. बादलीने रंग ओतताना दोन गोष्टी बिघडतात. रेघेत फट असली तर रंग बाहेर सांडतो. आणि फट नसली तरी रेघेच्या कडेला पांढरी किनार राहते, कारण काळ्या रेघेची कड निव्वळ काळी नसते, तिथे अर्धवट राखाडी पिक्सेल असतात. बादलीच्या पर्यायांत 'ग्रो' २ किंवा ३ पिक्सेल ठेवला की रंग रेघेखाली थोडा सरकतो आणि किनार जाते. फटी फार असतील तर क्रिताचा 'कलराइझ मास्क' वापरा. प्रत्येक भागात रंगाचा एक फराटा मारायचा, उरलेलं तो वाटून घेतो.

चार भाग हातात तयार झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही असं ठरवलं होतं. तसं केलं म्हणून वर्ष निभावलं. रविवारी संवाद, सोमवारी अक्षरं, मंगळ-बुधवारी कच्चं रेखाटन, गुरुवार-शुक्रवार रेषा आणि रंग. सुरुवातीला एका भागाला चौदा तास लागत, वर्ष संपताना सहा-सात. ७ सप्टेंबर २०२४ ला गणेश चतुर्थी नेमकी शनिवारीच आली. त्या आठवड्यात पेन हातात घ्यायला फुरसत नव्हती, शिल्लकीतला भाग गेला.

चित्र पाठवताना पीएनजी ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकलं की ते दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरांभोवती घाण जमते. ओळखीच्यांना पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. सही समासात करू नका. समास कापून चित्र पुढे ढकललं जातं आणि नाव जातं. बेडकाच्या पायापाशी, शेवटच्या चौकटीच्या आत करा.

जून-जुलै २०२४ हे दोन महिने सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडलेले. कॉमिकमध्ये पाऊस सुरू झाला, बाहेरही. खानापूरकडे तर बघायला नको. पाऊस काढताना पहिली चूक सगळेच करतात, सगळीकडे सारख्या रेघा. तीन लेयर करावे लागतात. लांबचा पाऊस आखूड, बारीक आणि फिका, ३० टक्केच गडद. मधला ५० टक्के. जवळचा जाड, लांब, पण मोजून पंधरा-वीस रेघा. कोन तिन्हींचा साधारण एक, पण जवळच्यात थोडी ढिलाई. क्रिताच्या असिस्टंटमधली समांतर पट्टी लावली की हात भरकटत नाही. पाऊस दिसतो तो गडद गोष्टीपुढेच, म्हणून मागे ओली चिऱ्याची भिंत किंवा काळी छत्री हवी. पांढऱ्या आभाळापुढे पाऊस काढूच नका, तिथे तो दिसत नाही. आणि मूळ चित्रात ४ पिक्सेलपेक्षा बारीक रेघ ठेवू नका. निम्मं करून १०८० वर आणलं की ती राखाडी धूर होते. शेतावर इरलं घेतलेली माणसं आली त्या भागात हे सगळं पहिल्यांदा जमलं. वाकलेलं इरलं, त्यावर उडणारे तुषार आणि खालून डोकावणारा पिवळा बेडूक.

त्याच दिवसांत लाईट जायची. लॅपटॉपची बॅटरी जुनी, पाऊण तास टिकणारी. एकदा अख्खा रंगवलेला भाग सेव्ह न करता गेला. क्रितात आपोआप सेव्ह होण्याचं अंतर तेव्हा ५ मिनिटांवर आणलं. क्रिता आधीच्या सेव्हची एक प्रतही ठेवतं, त्याच नावाची, शेवटी नागमोडी चिन्ह असलेली. फाइल बिघडली तर ते चिन्ह काढून ती प्रत उघडायची. दर शनिवारी सगळं पेनड्राइव्हवर, महिन्यातून एकदा दुसऱ्या घरी ठेवलेल्या डिस्कवर.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉपीराइट नोंदणीचा अर्ज केला. नोंदणी सक्तीची नाही. चित्र काढलं की हक्क त्याच क्षणी तुमचा, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. नोंदणी असली की पुढे वाद झाल्यास दाखवायला कागद असतो, एवढंच. मी पात्रांचा तक्ता चित्रकृती म्हणून नोंदवला. अर्ज ऑनलाइन, फॉर्म १४, फी ५०० रुपये. सोबत कामाची प्रत, ओळखपत्र आणि सहीचा स्कॅन. फॉर्ममधला एक प्रश्न नीट वाचा: ही कलाकृती एखाद्या मालावर किंवा सेवेसाठी वापरली जाते किंवा वापरण्याजोगी आहे का. तसं असेल तर फी २,००० होते आणि ट्रेडमार्क निबंधकांकडून शोधाचं प्रमाणपत्र वेगळं आणावं लागतं. चहाच्या मगवर आणि टी-शर्टवर बेडूक छापायचा विचार असेल तर तो प्रश्न तुमच्यासाठी आहे, अंदाजाने उत्तर देऊ नका, जाणकाराला विचारा. आणखी एक, आपल्या भागापुरतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर शहराचं नाव बेळगावी आहे आणि जुन्या कागदांवर जुनं. अर्जात पत्ता टाकताना ओळखपत्रावर जसं स्पेलिंग आहे अगदी तसंच टाका.

अर्ज भरला की लगेच डायरी नंबर मिळतो. त्यानंतर ३० दिवस कुणाची हरकत येते का याची वाट बघितली जाते, मग तपासणी. माझं प्रमाणपत्र एप्रिल २०२५ मध्ये आलं. डायरी नंबर टाकून दर पंधरवड्याला साइटवर स्थिती बघत होतो. तेवढंच आपल्या हातात असतं.

मधल्या काळात, जानेवारी २०२५ पासून, पुस्तिकेचं काम. अठ्ठावीस भाग निवडले, पुढे-मागे चार पानं, एकूण ३२. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. आकार ए-५. बाहेर ३ मिलिमीटर जादा रंग सोडायचा, म्हणजे पान १५४ × २१६ मिलिमीटरचं करायचं, कापताना इकडेतिकडे झालं तरी पांढरी रेघ येत नाही. २१६० पिक्सेलचं चित्र १३० मिलिमीटर रुंद छापलं की ४२० डीपीआयच्या (इंचाला ४२० पिक्सेलच्या) वर पडतं आणि अक्षर तेरा-चौदा पॉइंटचं येतं. फोनसाठी धरलेलं माप कागदावरही पुरलं.

प्रेसमध्ये मजकुराची उघडी फाइल देऊ नका. तिथलं सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडाक्षरं फुटतात. इंकस्केपमध्ये फाइलची वेगळी प्रत करून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, अक्षरांची चित्रं होतात, मग कुठेही उघडा. मूळ फाइल तशीच जपून ठेवा. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा हवा, आकाशी, गुलाबी, पिवळी, काळी अशा चार शाया मिळून नको. चारांतली एक जरी केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली पडते. हे स्क्रायबसमध्ये ठरवता येतं.

पहिला नमुना मार्चमध्ये आला. हिरवा ठीक, पिवळा छान, आणि निळे गालफुगे जांभळे. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. स्क्रीनवरचा झगझगीत निळा शाईत बदलताना आकाशी आणि गुलाबी शाई जवळजवळ सारखी पडते आणि डोळ्याला जांभळा दिसतो. गुलाबीचं प्रमाण आकाशीपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवायचं. गालफुगे असलेले सात भाग पुन्हा रंगवले, आकाशी १००, गुलाबी ६०. दुसऱ्या नमुन्याला आणखी ३०० रुपये गेले आणि त्यात गालफुगे निळे आले. सगळी पुस्तिका छापण्याआधी एक नमुना काढून दिवसाच्या उजेडात बघाच, प्रेसमधल्या ट्यूबलाइटखाली नाही.

पन्नास प्रती डिजिटल छपाईवर केल्या, ऑफसेटला एवढ्या थोड्या प्रती परवडत नाहीत. ए-३ पेक्षा थोड्या मोठ्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून आठ पानं बसतात, म्हणजे आतल्या ३२ पानांना चार कागद, आठ बाजू, बाजूला १६ रुपये. मुखपृष्ठ लॅमिनेशनसकट १८, पिन आणि कटिंग ६. प्रतीमागे १५२, एकूण ७,६००.

छापायचं ते मे संपायच्या आत, हे प्रेसवाल्यांनीच बजावलं होतं. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन असतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडी बाजू ओल ओढून फुगते, प्लास्टिकची फुगत नाही, आणि पुस्तिका पापडासारखी वळते. ३१ मेच्या संध्याकाळी प्रती घरी आल्या त्याच रात्री दहा-दहाचे गठ्ठे करून प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि वर जड पाट ठेवून दिला.